न चाखलेलं मटण

धुळवडीच्या सकाळी तांडापेठेतल्या घराघरांत मटणाच्या पिशव्या येऊन पडत होत्या आणि पुष्पलता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून आपल्या नवऱ्याच्या डाव्या हातावर नजर ठेवून होती.

उजव्या हाताचं तिला भय नव्हतं. उजवा हात पळी धरतो, ढवळतो, झाकण उचलतो. त्याचं काम सरळ. घात करणार तो डावा. पळीतला थेंबभर रस्सा डाव्या तळहातावर घ्यायचा, चाटायचा, डोळे मिटायचे आणि मग मीठ कमी की जास्त ते ठरवायचं, ही बाबनरावांची उभ्या जन्माची सवय. पोस्टात टपाल छाटता छाटता माणूस निवृत्त झाला, पण भल्या भल्यांना जमत नाही अशी तर्री त्यांच्या हातची. तर्री म्हणजे रश्श्यावर तरंगणारं ते लालभडक तेल. ते वर आलं की मटण झालं, असं या कोष्ट्यांच्या, सावजींच्या वस्तीत पोरंसुद्धा सांगतील.

त्यांच्या घरात रोजचा स्वयंपाक बाईनं करायचा, पण सणावाराचं मटण पुरुषानं. आजा मागावरून उठून चुलीपाशी बसायचा, बाप बसायचा. माग विकून टाकले त्यालाही वर्षं लोटली. साडी विणणारे हात कोणी पोस्टात गेले, कोणी दुकानात, पण पातेलं काही कोणी सोडलं नाही. बाबनरावांनी तर नाहीच.

दिवाळीत मात्र पातेल्यानंच त्यांना सोडायची वेळ आणली होती. भाऊबीजेच्या दुपारी जबडा दुखतो म्हणाले, मग खांदा, मग घामानं निथळायला लागले. दवाखान्यात डॉक्टरांनी हृदयाची एक नळी उघडून आत जाळीची बारीकशी नळी बसवली. स्टेंट म्हणतात तिला. कागदावर चित्र काढून त्यांनी पुष्पलतेला समजावलंसुद्धा. ही नळी, हा रक्ताचा रस्ता, आणि हा कडेला साचलेला पिवळा थर. तो पिवळा थर पाहून पुष्पलतेच्या काळजाचं पाणी झालं. सणाचं मटण त्यांचं असेल, पण बाकी वर्षभर त्या माणसाच्या पोटात जे गेलं ते तिनंच घातलं होतं. हा थर आपणच लिंपला, असं तिनं तिथल्या तिथे मनाशी पक्कं केलं आणि तेव्हापासून ती भ्यायला लागली.

डॉक्टर म्हणाले, मटण-अंडी बंद, तेल कमी, डाळी, भाज्या, फळं भरपूर. आणि या गोळ्या, रक्त पातळ ठेवणाऱ्या, रोज न चुकता. पुष्पलतेनं मान डोलावली. तिच्या डोक्यात शिरला तो पहिला भाग.

मटण बंद झालं की भागलं, असं आधी तिला वाटलं होतं. घरी आल्यावर तिनं पाटोडीचा रस्सा केला. बेसनाच्या वड्या, काळा मसाला आणि वर बोटभर तर्री. जनावराचा कण नाही, सगळं शेतातलं. धरमपेठेतल्या अस्मिता मॅडमना, म्हणजे डॉक्टरांनी ज्यांच्याकडे पथ्याचं विचारायला पाठवलं होतं त्या बाईंना, तिनं हे मोठ्या अभिमानानं सांगितलं. मॅडमनी तेलाचं माप विचारलं. पुष्पलतेनं हातानं वाटी दाखवली.

"काकू, तेलही झाडाचंच असतं," मॅडम म्हणाल्या, "म्हणून काय ते प्यायचं?"

पुष्पलतेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून तिच्या स्वयंपाकघराचा नूर पालटला. ज्वारीची भाकर, चवळी, मोड आलेले हरभरे, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, पपई. फोडणीला चमचाभर तेल, तेही हात आखडून. तिनं स्वतःही तेच खाल्लं. बाबनरावांनी सुरुवातीला नाक मुरडलं, मग गप्प झाले, मग चक्क आवडीनं खायला लागले. पोट उतरलं. गच्चीवर चढताना जिन्यात थांबेनासे झाले. शिवरात्रीच्या आधी तपासणी झाली तेव्हा रक्तातली चरबी इतकी खाली आली होती की डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा पाहिला.

"जेवणाचा चांगला फायदा दिसतोय," ते म्हणाले. "असंच चालू ठेवा."

दुसरी कोणी असती तर या बोलण्यावर निवांत झाली असती. पुष्पलतेची भीती उलट वाढली. आता कमावलेलं काहीतरी हातात होतं आणि ते एका घासानं जाऊ शकत होतं. ती नवऱ्यासमोर ताट ठेवायची आणि समोर बसून त्याचा एकेक घास पोटात उतरेपर्यंत पाहायची. ते कोणाकडे बसायला गेले की परत आल्यावर तोंडाचा वास घ्यायची. दुपारी झोपले की छातीवरचा सदरा वर-खाली होतो का ते पाहत पंख्याखाली बसून राहायची. घोरणं थांबलं की हिचाच श्वास अडकायचा. बाबनराव जागे व्हायचे तर बायको टक लावून पाहत बसलेली.

"काय पाहून राहिली वं असं?" ते विचारायचे.

"काही नाही. झोपा," ती म्हणायची.

असं सगळं नीट चाललं होतं, आणि मध्येच जावई आला.

लेकीचं, मयुरीचं लग्न गेल्या उन्हाळ्यात झालं होतं, उमरेडच्या कुशलशी. जावयाचा पहिला दिवाळसण दवाखान्याच्या बाकावर गेला. त्याची भरपाई होळीला करायची, हे बाबनरावांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. धुळवडीला जावयाला सासऱ्याच्या हातचं मटण. पुष्पलतेनं सुचवून पाहिलं की बाहेरून पार्सल आणू, चांगली चांगली भोजनालयं आहेत. बाबनराव तिच्याकडे पाहतच राहिले.

"सावजीच्या घरी जावयाले पार्सल? लोक तोंडात शेण घालतीन, पुष्पे."

शेवटी तह झाला. मटण बाबनराव करतील, पण चाखणार नाहीत. चाखायचं काम जावयाचं. आणि पुष्पलता दारात बसेल.

तर ती बसली होती. कांदा लाल झाला, वाटलेला मसाला पडला, खोबऱ्या-खसखशीचा वास गल्लीपर्यंत गेला. बाबनराव नाकानंच स्वयंपाक करत होते. झाकण उचलायचे, वाफेत तोंड घालायचे, मान हलवायचे. मध्ये मध्ये कुशलला हाक मारायचे आणि वाटीत चमचाभर रस्सा द्यायचे. कुशल सकाळीच मित्रांबरोबर रंग खेळून आला होता, तोंड अर्धं हिरवं होतं.

"मस्त झालं, मामाजी."

"मस्त नोको सांगू गा, मीठ सांग."

"मीठ बी मस्त आहे."

बाबनरावांनी पुष्पलतेकडे असं पाहिलं की तिला हसू आवरेना. कित्येक दिवसांत ती अशी हसली नव्हती. तेवढ्यात बाहेर शेजारच्या बाया गुलाल घेऊन आल्या. नाही म्हणता येईना. ती दारापर्यंत गेली, दोघींना कुंकवासारखं बोट लावलं, तिसरीनं हिच्या गालाला फासलं, जावयाची चौकशी झाली. फार वेळ नाही. मयुरी गच्चीवर कपडे वाळत घालत होती, कुशल तोंड धुवायला मोरीत गेला होता. पातेल्यापाशी बाबनराव एकटे होते.

ती परत आली तेव्हा ते ओट्याला धरून उभे होते. पातेल्याचं झाकण उघडं. पळी बाहेर, ताटलीत, रश्श्यानं माखलेली. डावा हात छातीवर.

पुष्पलतेला दिसली ती पळी.

"चाखलं," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "चाखलं नं तुम्ही?"

"नाही वं."

"मंग पळी बाहेर कशी?"

"ढवळून ठेवली. इथं जरा भरून आल्यासारखं वाटून राहिलं. गॅस असन. सकाळी मोडाचे हरभरे खाल्ले नं."

ती पुढे झाली आणि तिनं त्यांचा डावा हात ओढून नाकाशी धरला. लसूण, कांदा, मिरे, सुकं खोबरं, सगळ्याचा वास होता. सकाळपासून मसाल्यात असलेल्या हाताला दुसरा कोणता वास येणार? तिनं तळहात उजेडाकडे धरून तेल चमकतं का पाहिलं. सगळाच हात चमकत होता. ओला होता. घामानं ओला आहे, हे तिच्या डोक्यातच आलं नाही, कारण ती तेल शोधत होती.

"माह्या डोक्यावर हात ठेवून सांगा."

"पुष्पे, काय लेकरासारखं..."

"ठेवा."

बाबनरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "नाही चाखलं. थेंब बी नाही. तुही शपथ."

तिच्या अंगावरून जणू कोणी पोतं उतरवून ठेवलं. हा माणूस थापा मारील, वेळ मारून नेईल, पण तिच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलणार नाही, एवढं ती इतक्या संसारात शिकली होती. चाखलं नाही, म्हणजे भ्यायचं काही नाही. हरभऱ्यानं गॅस होतो, हे तर अस्मिता मॅडमनीही सांगितलं होतं. तिनं ओवा आणि काळं मीठ हातावर दिलं, वर कोमट पाणी पाजलं, दिवाणावर उशी लावून त्यांना टेकवलं. बाबनराव म्हणाले, बरं वाटून राहिलं आता. तिनं जाऊन पातेल्यावर झाकण ठेवलं, आच मंद केली आणि जावयासाठी भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

ती खुशीत होती. हे नंतर तिला कायमचं सलणार होतं की त्या वेळी ती खुशीत होती, आणि पीठ मळताना तिच्या मनात चाललं होतं की बघा, एवढं मटण समोर असून माझ्या माणसानं बोटसुद्धा लावलं नाही.

पहिली भाकर थापताना तिचा हात थांबला.

चाखलं असतं तर काय झालं असतं? थेंबभर रश्श्यानं माणूस उभ्या उभ्या छाती धरतो का? नाही धरत. एवढं तिलाही कळत होतं. मग ती इतका वेळ काय विचारत होती? आणि चाखलं नाही, चार महिने काही वावगं खाल्लं नाही, तरी छाती भरून आली असेल, तर मग ती कशानं आली? चाखलं असतं तर निदान दोष पातेल्याचा होता. न चाखता आलेलं दुखणं कुठून आलं हे तिला ठाऊक नव्हतं. पथ्याच्या ज्या कुंपणाच्या भरवशावर ती आजवर जगली, त्याच्या आतच काहीतरी शिरलं होतं. परातीतली भाकर तशीच सोडून ती बाहेर धावली.

बाबनराव टेकलेले होते तसेच होते. पण सदरा छातीपर्यंत भिजला होता, ओठ राखेच्या रंगाचे झाले होते आणि एक हात जबड्याखाली धरलेला होता.

"जबडा," ते म्हणाले. "जबडा दुखून राहिला वं."

पुष्पलतेनं मयुरीला अशी हाक मारली की शेजारचं ढोलकं थांबलं.

मयुरी जिन्यावरून धावत आली. बापाचं तोंड पाहून तिनं काही विचारलं नाही, आधी रुग्णवाहिकेचा नंबर लावला. गाडी निघते म्हणाले, पण आज रस्ते जागोजाग बंद आहेत, उशीर लागेल, जवळ काही सोय असेल तर तुम्हीच निघा. कुशलची चारचाकी गल्लीच्या तोंडाशी उभी होती, पण तिच्यापुढे पोरांनी पाण्याचा टँकर आडवा लावला होता आणि टँकरवाला कुठे नाचत होता कोण जाणे. कुशल मोरीतून ओल्या, अजून हिरव्याच तोंडानं बाहेर आला, त्यानं स्कूटरची किल्ली उचलली आणि परत खाली ठेवली.

"मामीजी," तो खाली पाहत म्हणाला, "मी नाही चालवू शकत. सकाळी मित्रायसोबत घेतली थोडी. हात सुधे नाही माहे."

नवा जावई सासूसमोर हे बोलला. पुष्पलतेला त्याचा राग यायला हवा होता, पण राग यायला तिच्यात जागाच उरली नव्हती. मयुरीनं किल्ली घेतली.

तिघं एका स्कूटरवर बसले. मयुरी पुढे, मध्ये बाबनराव, मागे पुष्पलता दोन्ही हातांनी त्यांना कवेत धरून. कुशल पुढे धावत सुटला, हात पसरून, लोकांना बाजूला ढकलत, "पेशंट आहे, पेशंट आहे" ओरडत. हिरव्या तोंडाच्या माणसाला त्या दिवशी कोण खरं मानणार? लोक हसले, एकानं त्याच्यावर बादली रिकामी केली. मग त्यांना मागचं स्कूटरवरचं माणूस दिसलं आणि गर्दी आपोआप दुभंगली. कोणीतरी गाणं बंद केलं. पुष्पलतेला ती शांतता गाण्यापेक्षा भयंकर वाटली, कारण इतक्या लोकांनी एकदम गप्प व्हावं असं नवऱ्याच्या तोंडावर काय दिसत असेल ते तिला मागून दिसत नव्हतं.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर मयुरीनं वेग वाढवला. एका चौकात पोरांनी आडवं होऊन रंगाचं पाणी मारलं. थंड पाणी तिघांच्या अंगावरून वाहिलं. पुष्पलतेनं हात नवऱ्याच्या छातीवर दाबून धरला होता, धडधड लागते का पाहायला. आता तिला कळेना की हाताखाली ओलं लागतं ते पाणी आहे की घाम, आणि हातात धडधडतं ते त्यांचं काळीज आहे, आपलं आहे की गाडीचं इंजीन. ती कानात बोलत राहिली.

"बोला. काही बी बोला. झोपू नोका."

"गॅस," बाबनराव म्हणाले.

"गॅस नाही हा. आता बस करा गॅस गॅस."

"शेगडीचा वं. मटण लागीन खाली."

ती रडायला लागली. माणूस जिवंत आहे म्हणून रडली, आणि मरतानाही हा असंच काहीतरी बोलेल म्हणूनही रडली.

दवाखान्याच्या तातडीच्या खोलीत धुळवडीची जत्रा होती. डोकी फुटलेले, गाडीवरून पडलेले, डोळ्यांत रंग गेलेले. पण बाबनरावांना पाहताच त्यांनी बाकीच्यांना सरकवलं. छातीला तारा लावल्या, यंत्रातून कागद निघाला, कागद पाहून एक तरुण डॉक्टर जरा जास्तच शांत आवाजात बोलायला लागला. त्याच्या शांतपणाचं पुष्पलतेला भय वाटलं.

"स्टेंट केव्हा टाकला?"

"दिवाळीत," मयुरी म्हणाली.

"जेवणाचं पथ्य?"

पुष्पलता पुढे झाली. "एकदम कडक. मटण नाही, अंडं नाही, तेल चमचाभर. आजही नाही चाखलं. माह्या डोक्यावर हात ठेवून सांगतलं त्यायनं."

डॉक्टरनं तिच्याकडे न पाहता विचारलं, "रक्त पातळ करायच्या गोळ्या रोज घेतात?"

"हो. रोज सकाळी. मी स्वतः पाणी देते."

खाटेवरून बाबनरावांनी हात थोडा उचलला. नाकातोंडावर मास्क होता. त्यांनी मान हलवली, डावीकडे आणि उजवीकडे.

"नाही घेत?" डॉक्टर वाकला. "केव्हापासून?"

बाबनरावांनी मास्क बाजूला केला. "शिवरात्री."

पुष्पलतेला वाटलं, दुखण्यानं बरळताहेत. मग तिनं त्यांचे डोळे पाहिले. ते तिच्याकडे पाहत नव्हते. रोज सकाळी ती पाण्याचा पेला द्यायची, ते हातावरच्या गोळ्या तोंडात टाकल्यासारखं करायचे, घटाघट पाणी प्यायचे आणि पेला परत द्यायचे. तिनं कधी त्यांच्या मुठीकडे पाहिलं नव्हतं. पाण्याचा पेला दिला की ती लगेच भाकरीकडे वळायची, कारण तिच्या लेखी खरी जोखीम भाकरीसोबतच्या भाजीत होती.

डॉक्टरनं चावायला गोळ्या दिल्या, हाताला सुई टोचली, आणि खाट ढकलत आत घेऊन गेले. दार बंद झालं. तिच्या बोटांना अजून त्यांच्या सदऱ्याचा ओलेपणा होता.

मधला वेळ पुष्पलतेला नीट आठवत नाही. मयुरीनं कुठे कुठे सह्या केल्या. कुशल पायी पायी येऊन पोचला, शेगडी बंद करून आलो म्हणाला आणि भिंतीला टेकून खाली बसला. कोणी चहा दिला तो तिनं हातातच थंड होऊ दिला. ती देवाला काही मागतही नव्हती. एवढंच मनात घोळत होतं की रोज समोर बसून मी पाहत काय होते?

मग दिवाळीतलेच मोठे डॉक्टर बाहेर आले. नळी उघडली, म्हणाले. जाळीच्या आत रक्ताची गुठळी झाली होती, ती काढली. वेळेवर आणलंत. आणखी थोडा उशीर झाला असता तर मला तुमच्याशी दुसरंच काही बोलावं लागलं असतं.

"डॉक्टरसाहेब," पुष्पलता म्हणाली, "मंग ते चार महिन्याचं जेवण फुकटच गेलं का?"

"नाही हो काकू. बाकीच्या नळ्या आहेत तशाच आहेत, कुठे थर वाढलेला नाही. जेवणानं जेवणाचं काम केलंय. पण आत बसवलेल्या जाळीवर रक्त गोठू नये हे काम गोळीचं. ते भाजीला कसं जमणार? जेवण तेच ठेवा. गोळी एकही चुकवायची नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आत सोडलं. बाबनराव उशीला टेकून होते, तोंड उतरलेलं, पण ओठांचा रंग माणसासारखा झाला होता. कानामागे कालचा गुलाबी रंग तसाच राहिला होता. ती स्टुलावर बसली. रात्रभर तिनं भांडायला म्हणून काय काय जमवून ठेवलं होतं. तोंडातून एकच शब्द निघाला.

"काहून?"

बाबनरावांनी तोंड छताकडे फिरवलं.

"तू मले पाहत बसायची नं," ते म्हणाले. "ताट वाढलं का पाहायची. मी झोपलो का पाहायची. माहा घास गळ्याखाली उतरेपर्यंत तुहा घास हातात थांबे. अर्धी झाली तू, पुष्पे. मी बरा होऊन राहिलो अन् तू वाळून राहिली."

"म्हणून गोळ्या सोडल्या?"

"डॉक्टर म्हणे जेवणानं फायदा झाला. मले वाटलं, दोन-तीन महिने गोळ्या न घेता काढतो. मंग तुले सांगतो का पाय, गोळी नाही, काही नाही, नुसतं तुया हातचं खाऊन मी धडधाकट आहे. तुया हातानं मले काही होत नाही, हे तुले एकदा दाखवावं वाटलं. मंग तू भेणं सोडशीन."

पुष्पलतेला कळलं होतं. इतके दिवस ती त्यांच्यासाठी भ्यायली, आणि तिचं ते भ्यायलेलं तोंड पाहवेना म्हणून हा माणूस मरायला निघाला होता. त्यांच्या जिवावर उठलं होतं ते पातेलं नव्हतं. उंबऱ्यात बसून पहारा देणारी ती स्वतः होती. तिला हंबरडा फोडावासा वाटला, पण आजूबाजूच्या खाटांवर माणसं होती.

नर्स आली आणि छोट्या कागदी पेल्यात गोळ्या ठेवून गेली. पुष्पलतेनं तो पेला उचलला. तिचे हात थरथरत होते. ते तिनं लपवले नाहीत. उलट त्यांना दिसावेत असे पुढे धरले.

"हे पाहा," ती म्हणाली. "हे आता असेच राहतीन. माह्या भेवावर इलाज करायले जाऊ नोका, मी भेतच राहीन. तुम्ही मरू नोका. तोंड उघडा."

बाबनरावांनी तोंड उघडलं. तिनं एकेक गोळी जिभेवर ठेवली, पाणी पाजलं, आणि मग मयुरी लहान असताना तिचं करायची तसं बोटानं गाल ओढून आत पाहिलं, जिभेखालीसुद्धा पाहिलं. गोळ्या गेल्या होत्या. तरी तिनं त्यांना पुन्हा एकदा आ करायला लावलं.